जानकीच्या हातचे आटे

मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या वाटेवर एक लाकडाची वखार होती. वखारीच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची खोपी घातलेली होती, आणि त्या खोपीत सहदेव मेस्त्री कातकाम करायचा. पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, लाटणी, मुसळं, कोणी सांगितलं तर भोवरेसुद्धा. सहदेव कुडाळकडचा. लढाईच्या आधी मुंबईला आला आणि परळच्या एका गिरणीत सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनी कातायला लागला. पुढे गिरणी बॉबिनी बाहेरून घ्यायला लागली, ते खातंच बंद झालं, तेव्हा बायको जानकी आणि मुलगी कुंदा यांना घेऊन तो मुलुंडला आला. कुंदाचं लग्न होऊन ती मालाडला गेली. मग दोघंच राहिली.

सहदेवचा कात जुन्या पद्धतीचा होता. जमिनीलगत दोन खुंटांच्या मध्ये लाकूड आडवं धरायचं, त्याला दोराचे वेढे द्यायचे आणि दोराची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे. पुढे फिरताना हत्यार टेकवायचं, मागे फिरताना उचलायचं. हत्यार धरणारा एक आणि दोर ओढणारा दुसरा. दोर जानकी ओढायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती ओढत होती. समोरच्या दगडाला पाय लावून बसायची, डावा हात, उजवा हात, डावा हात, उजवा हात. बोलणं चालू असायचं, मधेच उठून चुलीवरचा भात उतरवून यायची आणि पुन्हा बसायची. तिच्या तळहातांना घट्टे होते आणि खांदे पुरुषासारखे रुंद झाले होते. हत्याराला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. दसऱ्याला हत्यारांना हळद-कुंकू वाहायची तेवढंच.

त्रेपन्न सालच्या सुमारास धाकू परब एक मोडकी काठी घेऊन खोपीत आला. धाकू त्यांच्या शेजारच्या गावचा. घाटकोपरच्या एका क्लबात तो मार्कर होता. बिलियर्डच्या टेबलापाशी उभं राहून गुण मांडायचे, चेंडू जागेवर लावायचे, काठ्या पुसून ठेवायच्या, हे त्याचं काम.

"बघ रे सहदेव, ह्या काय जमता काय," असं म्हणून त्यानं कापडात गुंडाळलेले दोन तुकडे समोर ठेवले.

एका मेंबरनं विलायतेहून आणलेली ती काठी दोन भागांची होती. बारीक भागाच्या टोकाला लाकडाचाच स्क्रू कातलेला, आणि जाड भागाच्या तोंडात त्याचं घर. दोन्ही भाग पिळून जोडले की लांब काठी तयार, खेळून झालं की सुटी करून पेटीत ठेवायची. तो स्क्रू मुळातून मोडला होता. फोर्टातल्या दुकानदारानं पितळेचा स्क्रू बसवून देतो म्हटलं होतं, पण तो माल बाहेरून यायचा आणि कधी येईल ते त्यालाच माहीत नव्हतं. शिवाय त्या मेंबरला लाकडाला लाकूडच भिडलेलं हवं होतं. धातू मधे आला की हाताला ठोका वेगळा लागतो, असं त्याचं म्हणणं.

सहदेवनं पूर्वी बुकबाइंडरच्या शिकंज्यासाठी लाकडी स्क्रू केले होते. ते मनगटाएवढे जाड. हे काम बोटाएवढं बारीक होतं. त्यानं भांडुपच्या एका लोहाराकडून जुन्या कानशीचा पोलादी टॅप करून घेतला, म्हणजे घराच्या आत पिळून आटे पाडणारी धारदार खीळ. बाहेरचे आटे पाडायला शिसवाची एक ठोकळी केली. तिच्या भोकात त्रिकोणी धारेचं छोटं पातं बसवलेलं. काठीचं टोक त्या भोकात घालून हळूहळू पिळत गेलं की शेवेसारखा बारीक कीस बाहेर पडतो आणि मागे आटे उमटतात. पहिले काही तुकडे वाया गेले. मग जमलं. धाकूनं काठी जोडली, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिली, आणि म्हणाला, "झकास!"

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी धाकूच्या काखेत काठ्या असायच्याच. कोणाचा सांधा ढिला झालेला, कोणाला अखंड काठी मधून कापून दोन भागांची करून हवी. सहदेव धामणीचं लाकूड वापरायचा, कारण ते वाकतं पण मोडत नाही. स्क्रू शिसवाचा. पलंगाच्या पायांपेक्षा हे काम त्याला आवडायला लागलं होतं. आट्यांवरून अंगठा फिरवत तो बराच वेळ बसायचा आणि जानकी म्हणायची, "जेवा आता, आटे खातलास काय?"

छप्पन साली मार्गशीर्षात वखारीत ट्रक खाली होत असताना एक ओंडका घसरला. सहदेव हात लावायला म्हणून गेला होता. उजवा हात ओंडका आणि फळीच्या मधे सापडला. इस्पितळात दोन बोटं काढावी लागली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. जखम भरली, पण उरलेली बोटं नीट मिटेनात. पटाशी धरली की निसटायची.

कुंदाचा नवरा मालाडहून येऊन गेला. तिथल्या एका कारखान्यात वॉचमनची जागा रिकामी होती, सासऱ्यांसाठी बोलून ठेवतो म्हणाला. सहदेवनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, हे कोणालाच कळलं नाही.

जावई गेल्यावर जानकी खोपीत गेली. धाकूनं अपघाताच्या आधी आणून दिलेल्या दोन काठ्या कोपऱ्यात तशाच उभ्या होत्या. तिनं काताच्या खुंटांमध्ये धामणीचा एक तुकडा बसवला, दोराचे वेढे दिले आणि नवऱ्याला हाक मारली.

"ओ, हय येवा जरा."

सहदेव दारात येऊन उभा राहिला. जानकी दोराच्या जागेवर नव्हती. ती हत्याराच्या बाजूला बसली होती, हातात पटाशी घेऊन.

"ह्या काय?"

"दोर धरा."

"मी?"

"मग आणखी कोण हा? माका एकटीक दोनी कामा जमाची नाय. डाव्या हातात एक टोक घेवा, दुसरा उजव्या मनगटाक गुंडाळा. बोटा लागाची नाय."

सहदेवचं तोंड लाल झालं. "तू माका दोर ओढूक लावतंस?"

"मी इतकी वर्सा ओढलंय," जानकी म्हणाली. "माझो काय मान गेलो?"

तो तसाच वळून बाहेर गेला आणि वखारीच्या फाटकापाशी जाऊन विडी ओढत बसला. जानकीनं पटाशी खाली ठेवली नाही. बऱ्याच वेळानं तो आत आला, दगडाला पाय लावून बसला आणि दोराचं टोक मनगटाला गुंडाळायला लागला. एका हातानं त्याला गाठ जमेना, तेव्हा तिनं उठून ती मारून दिली.

पहिला तुकडा वाकडातिकडा झाला, दुसरा मधेच बारीक होऊन तुटला. पाहून माहीत असणं वेगळं आणि हाताला माहीत असणं वेगळं, हे जानकीला त्या दिवशी कळलं. सहदेव दोर ओढता ओढता ओरडायचा, "दाबू नको गो! टेकव नुसता!" दोर ओढायची सवय नसल्यामुळे त्याची लय चुकायची, आणि मग ती ओरडायची. "मधेच कित्याक थांबतास? लाकूड उडता माझा!" शेजारची प्रेमा पाण्याची कळशी घेऊन खोपीवरून जायची. एकदा ती दारात थांबून म्हणाली, "जानकी, नवऱ्याला दोराला बांधलंस की गं!" सहदेवनं ऐकलं. त्या दिवशी त्यानं दुपारनंतर काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून येऊन बसला, फक्त खोपीचं दार पुढे लोटून घेतलं.

लाटणी जमायला लागली. मग पाळण्याच्या दांड्या. आटे पाडायला दोर लागत नाही, ते काम ठोकळी आणि टॅपवर, बसून करायचं. जानकी ते संध्याकाळी करायची. तिच्या मनगटात जोर होता, पण ती जोर लावायची नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अडकलेला कीस फुंकून काढायचा, पुन्हा अर्धा फेरा. स्क्रूचं लाकूड अळशीच्या तेलात बुडवून ठेवायचं ही युक्ती सहदेवचीच. म्हणजे आटे पाडताना कंगोरे उडत नाहीत. आटे नीट झाले की ती तुकडा सहदेवच्या डाव्या हातात द्यायची. तो अंगठा फिरवून म्हणायचा, "हय खरखरीत हा." किंवा काहीच म्हणायचा नाही. काहीच म्हणाला नाही तर ते ठीक.

धाकूच्या दोन काठ्यांपैकी पहिली तिनं पुरी केली. धाकू ती घेऊन गेला. बहुतेक सहदेवनंच डाव्या हातानं केली असेल अशी त्यानं समजूत करून घेतली होती, आणि कोणी त्याला वेगळं सांगितलं नाही.

दुसरी काठी श्यामसुंदर कारखानीस नावाच्या वकिलांची होती. घाटकोपरला त्यांचा बंगला होता. काठी त्यांना मामांनी दिलेली, काळ्याभोर आबनुसाच्या मुठीची, जुनी आणि चांगली वाळलेली. त्या मुठीच्या, म्हणजे जाड भागाच्या, तोंडात आटे पाडायचे होते. त्या आधी तोंडाभोवती सुतळी घट्ट गुंडाळायची, म्हणजे आतून टॅपचा दाब आला तरी लाकूड उकलत नाही. जानकीनं सुतळी गुंडाळली, पण टॅप आत घालताना दोन-तीन फेरे तिनं मागे न घेता सलग पुढे मारले. पहिली काठी चांगली झाली होती, त्यामुळे हात जरा मोकळा सुटला होता. टिच असा आवाज झाला.

सहदेव बाहेर बसला होता. तो आत आला.

"आयकलंय मी," तो म्हणाला.

तिनं सुतळी सोडली. तोंडापासून चार बोटं खाली केसासारखी बारीक चीर गेली होती.

धाकू आला तेव्हा ती चीर पाहून मटकन खालीच बसला. "वाट लागली! कारखानीस साहेबांची काठी रे! सहदेवा, तुझ्या हातून असा झालाच कसा?"

"माझ्या हातून झाला," जानकी म्हणाली.

धाकूनं तिच्याकडे पाहिलं, मग सहदेवच्या हाताकडे, आणि सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं. तो चिडला, पण त्याहून जास्त घाबरला. क्लबात त्याच्या शब्दावर काठ्या दिल्या जात होत्या. थोड्या वेळानं तो म्हणाला, "साहेबांका सांगाया, सहदेवाच्या हातून फुटली. हाताचा ता तेंका म्हायत हा. रागावतले, पण समजून घेतले. बाईमाणसान केली म्हटला तर माझी नोकरी जातली."

"घाल माझ्या नावावर," सहदेव म्हणाला.

"नको," जानकी म्हणाली. "तुमचो हात गेलो ता गेलो. नाव कशाक घालवतास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाकूबरोबर घाटकोपरला गेली. काठी तिनं स्वतःच्या धुवट लुगड्यात गुंडाळून घेतली होती. वकीलसाहेब कोर्टात निघायच्या तयारीत होते. व्हरांड्यातच उभ्या उभ्या त्यांनी काठी पाहिली, चिरेवरून नख फिरवलं.

"सहदेवनं केलं हे?"

"नाही साहेब. मी केलं," जानकी शहरी मराठीत बोलायचा प्रयत्न करत म्हणाली. "त्यांच्या हाताची बोटं गेली. आता काम मी करते. माझी चूक झाली, टॅप मागे घेतला नाही. मी दुसरी मूठ करून देईन, शिसवाची."

धाकू खाली मान घालून चपलेनं फरशी घासत होता.

"चूक होते," कारखानीस म्हणाले. "लाकूड आहे, फुटतं. पण काठी दिली तेव्हा काम सहदेव करणार असं मी धरून चाललो होतो. काम करणारं माणूस बदललं तर मला आधी कळायला नको? मग द्यायची की नाही ते मी ठरवलं असतं."

"होय," जानकी म्हणाली. "सांगायला पाहिजे होतं."

"दुसरी मूठ नको. राहू दे." काठी घेऊन ते आत गेले.

धाकूची नोकरी गेली नाही. पण त्यानं येणं बंद केलं. क्लबाच्या काठ्या येईनाशा झाल्या. त्या दिवशी जानकी घरी आली तेव्हा सहदेवनं विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "बरोबर म्हणाले." आणि चूल पेटवायला गेली.

पुढचे काही महिने लाटणी आणि मुसळांवर गेले. मालाडची वॉचमनची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. सहदेव हळूहळू दोराला सरावला. त्याची लय आता जानकीसारखीच एकसारखी पडायची, आणि तोही काम चालू असताना बोलायला लागला होता. पण आटे सोडले तर हात विसरेल, हे जानकीला माहीत होतं. म्हणून तिनं वखारीतल्या हेदूच्या लाकडाच्या तुकड्यांचे कुंकवाचे करंडे करायला घेतले. झाकण नुसतं बसवायचं नाही, आटे पाडून पिळून लावायचं. प्रवासात ट्रंकेत उलटं झालं तरी कुंकू सांडत नाही. पहिला करंडा प्रेमानंच नेला. मग तिच्या बहिणीनं, मग मुलुंडच्या बाजारातल्या एका कासारणीनं विकायला ठेवले. प्रत्येक झाकणाच्या आत टॅप घालताना जानकी मनात म्हणायची, मागे घे. पुढे पुढे मनात म्हणायची गरज राहिली नाही. बरेच करंडे फुटले, ते चुलीत गेले.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर एका रविवारी धाकू पुन्हा दारात उभा. काखेत एक अखंड काठी.

जानकी कात लावून बसली होती, सहदेव दोरावर. दोघंही थांबली नाहीत.

"बस," सहदेव म्हणाला.

धाकू बसला. थोडा वेळ त्यानं दोघांकडे पाहिलं. "एक मेंबर दिल्लीक खेळूक जातत," तो म्हणाला. "ही मधे कापून सांधो करून होयो. फोर्टातल्या माणसान एकाची केलेली, ती दोन म्हयन्यात डुगडुगाक लागली."

"कोणी करायचो?" जानकीनं विचारलं.

"तूच." धाकूनं घसा खाकरला. "कारखानीस साहेबांनीच सांगितल्यानी त्या मेंबराक. म्हणाले, त्या बाईकडे ने. फुटलं तर सांगायला तरी येते."

जानकीनं पटाशी उचलली. सहदेवनं दोर सोडला. काताचं लाकूड एक गिरकी घेऊन थांबलं.

"त्या मेंबराक म्हायत हा? मी करतलंय ता?"

"म्हायत हा. त्यानं इचारल्यान नी, बाई करतली? मी होय म्हटलंय."

"मग ठेव थय."

त्या काठीला तिनं आठ दिवस घेतले. सुतळी दोनदा सोडून दोनदा गुंडाळली. टॅप घालताना सहदेवला समोर बसवलं होतं आणि त्याला बोलायची मनाई होती. सांधा झाल्यावर तिनं काठी जोडून त्याच्या हातात दिली. त्यानं सांध्यावरून डावा अंगठा फिरवला, डोळे मिटून परत फिरवला. जोड कुठे आहे ते अंगठ्याला कळत होतं की नाही, ते त्यानं सांगितलं नाही. काठी भिंतीला टेकवून म्हणाला, "चहा कर."

तो मेंबर दिल्लीला जिंकला की हरला हे धाकू सांगायला विसरला, आणि जानकीनंही विचारलं नाही. पण पुढच्या महिन्यात तो मेंबर स्वतः मुलुंडला आला, चिखल चुकवत खोपीपर्यंत. अजून दोन काठ्या आणल्या होत्या, मित्रांच्या. स्टुलावर बसून त्यानं विचारलं, "हा सांधा किती वर्षं टिकेल?"

"जोर लावून पिळलात तर लवकर जाईल," जानकी म्हणाली. "हात जिथं थांबतो तिथं थांबलात, तर खूप टिकेल. आणि पेटीत ठेवताना ओला ठेवू नका."

तो हसला. "मित्रांना सांगतो, जोर लावू नका."

काम पुन्हा सुरू झालं आणि मग थांबलं नाही. घाटकोपरचा क्लब, मग शहरातल्या दोन ठिकाणच्या काठ्या, मग चेंबूरचा एक निवृत्त साहेब, तो दर चार महिन्यांनी उगाच काहीतरी काढून यायचा. कारखानीस वकिलांनी मात्र स्वतःची काठी पुन्हा कधी दिली नाही. माणसं पाठवायचे, काठी नाही. जानकीला त्याचं वाईट वाटायचं, पण ती म्हणायची, "तेंचा बरोबर हा. मामाची होती ती."

एकोणसाठ साली वखारीत वीज आली. वखारवाल्यानं स्वतःसाठी करवत बसवली आणि खोपीतही एक तार ओढून दिली. कुंदाच्या नवऱ्यानं कुर्ल्याहून जुनी मोटार आणि एक लेथ बघून दिली. ती बसवायला माणूस आला, पट्टा चढवला, बटण दाबलं. लाकूड एकाच दिशेनं गरगर फिरायला लागलं. जानकी दचकून मागे सरली, मग हसली, मग पटाशी टेकवून पाहिली. दुपारपर्यंत तिचा हात बसला.

सहदेव दगडापाशी उभा होता. दोर खुंटाला गुंडाळून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत तो तसाच आत-बाहेर करत राहिला. एकदा पट्ट्याला तेल घालून आला, एकदा खोपी झाडली.

जानकीनं मोटार बंद केली. "असे येरझारे घालू नकात," ती म्हणाली. "लाकूड बघून देवा. वखारीत धामणीचो नवीन माल उतरलो हा. स्क्रूक शिसव पण लागतला. तुमका रेषा कळतत, माका नाय कळणत."

हे काही खरं नव्हतं. तिला रेषा कळायच्या. पण त्याला तिच्याहून जास्त कळायच्या हे खरं होतं.

तो गेला. अंधार पडायला लागला तेव्हा खांद्यावर धामणीचे दोन दांडे घेऊन आला. जानकीनं ते दिव्याखाली धरले, फिरवून पाहिले, आणि एकावर बोट ठेवलं.

"हय गाठ हा."

"गाठ नाय ती. डाग हा."

"गाठ हा. सांध्याच्या जागेवर इली तर फुटतला."

"अगो, बॉबिनी कातलंय मी आयुष्यभर, माका शिकवतंस?"

"बॉबिनीक आटे नसतत!"

प्रेमा कळशी घेऊन दारावरून चालली होती. आतला आवाज ऐकून तिनं डोकावून पाहिलं. दोघं दिव्याखाली एकाच दांड्याची दोन टोकं धरून उभी होती. सहदेव डाव्या हाताच्या नखानं त्या डागावर ओरखडा काढून दाखवत होता, आणि जानकी चाळशी शोधत होती. प्रेमा कळशी सावरत पुढे गेली.